'नाही' म्हणणारं सॉफ्टवेअर हवं

निवडणूक असो, पीकविमा असो की टँकरचा उन्हाळा. मराठवाड्याबद्दलचं एखादं सर्वेक्षण छापून आलं की दोन फळ्या ठरलेल्या. पहिली म्हणते, आठ जिल्ह्यांत मिळून पावणेदोन कोटींवर लोक, त्यातल्या दोन हजारांना फोन करून काय कळणार? आमच्या गावात तर कुणी फिरकलंच नाही. दुसरी छाती काढून सांगते, आमच्या लिंकवर लाखभर लोकांनी उत्तरं भरलीत, आता शंका कसली? चारदोन दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात येतं की आकड्यांना 'वेटेज' लावलं होतं, आणि मग निकालच लागतो : म्हणजे आकडे फिरवले! वाद या तीन वाक्यांपलीकडे जात नाही, आणि तिन्ही वाक्यं चुकीच्या जागी बोट ठेवतात.

नमुना एकांगी असेल तर उत्तरांना कमीजास्त वजन देऊन तो सावरावाच लागतो. त्यात लबाडी नाही. उलट तसं न करणं हा निष्काळजीपणा आहे. पण सार्वजनिक पैशातून होणाऱ्या सर्वेक्षणात हे वजन काढणारं सॉफ्टवेअर खुलं असलं पाहिजे, इथल्या याद्या, इथली नावं आणि इथले हंगाम ओळखणारं असलं पाहिजे, आणि माहितीला पुरेसा आधार नसेल तिथे त्यानं उत्तर द्यायला साफ नकार दिला पाहिजे. आज वापरात असलेली बहुतेक साधनं काहीही घातलं तरी दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांसकट उत्तर देतात. खरी काळजीची गोष्ट ती आहे.

आधी एक हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, पण फोनवरच्या पाहणीचा कल साधारण असाच असतो. दोन हजार प्रौढांनी उत्तरं दिली. त्यांत ७८ टक्के पुरुष, ६० टक्के शहरी, ४० टक्के पदवीधर. प्रत्यक्षात बायका ४८ टक्के आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार मराठवाड्यात शहरी लोकसंख्या २७ टक्के. पदवीधर १० टक्के धरू. मग बाईच्या उत्तराचं वजन ४८ भागिले २२, म्हणजे २.१८, पुरुषाचं ५२ भागिले ७८, म्हणजे ०.६७. तसंच ग्रामीण १.८३ आणि शहरी ०.४५, पदवी नसलेल्याला १.५ आणि पदवीधराला ०.२५. तिन्ही गुण एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून गुणाकार केला, तर खेड्यातल्या, पदवी नसलेल्या बाईचं वजन जवळपास ६ येतं आणि शहरी पदवीधर पुरुषाचं ०.०७५. एकीचं उत्तर दुसऱ्याच्या ऐंशी पट जड. दोन हजारांत अशा बाया भरतात १०६ च्या आसपास, आणि एकूण निकालाचा साडेएकतीस टक्के भार त्यांच्यावर येतो. त्यातल्या पाचसात जणींनी घाईत, शेजारी नवरा उभा असताना, काहीतरी सांगून फोन ठेवला असेल तर?

या जड वजनांची किंमत मोजता येते. वजनांच्या बेरजेचा वर्ग करायचा आणि त्याला वजनांच्या वर्गांच्या बेरजेनं भागायचं; संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांचं हे सूत्र नमुना खरोखर किती जणांच्या तोडीचा उरला ते सांगतं. वरच्या उदाहरणात फक्त लिंगाचं वजन लावलं की दोन हजारांचे १४३५ होतात. गाव-शहर जोडलं की ९८७. शिक्षण जोडलं की ७१८. चुकीची मर्यादा, म्हणजे आकडा खऱ्यापासून किती इकडेतिकडे असू शकतो ती, अधिक-उणे २.२ टक्क्यांवरून ३.७ टक्क्यांवर जाते. छापलेल्या बातमीत मात्र 'नमुना : २०००' एवढंच येतं. मराठवाड्यात ७६ तालुके आहेत. याच पाहणीतून कुणी तालुकानिहाय तक्ता काढला, तर एकेका तालुक्याच्या वाट्याला प्रत्यक्षात २६ माणसं आणि वजनानंतर जेमतेम नऊ माणसांइतकी माहिती येते. नऊ माणसांवर भोकरदनचा किंवा औंढ्याचा कल सांगणारा रंगीत नकाशा तरीही तयार होतो, कारण नकाशा काढणाऱ्या यंत्राला कुणी थांबवलेलं नसतं.

आता विरोधकांचा सर्वांत जड मुद्दा. वजनं ठरवणाऱ्याच्या हाती फार ताकद येते, असं ते म्हणतात, आणि ते खरं आहे. कोणते गुण घ्यायचे, गट किती पाडायचे, आधाराचे, म्हणजे प्रत्यक्ष लोकसंख्येचे, आकडे कुठून आणायचे, कमाल वजन कुठे कापायचं, हे सगळं माणूस ठरवतो. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीआधी न्यूयॉर्क टाइम्सनं फ्लोरिडातल्या ८६७ मतदारांची एकच कच्ची माहिती चार वेगवेगळ्या जाणकारांना दिली. कच्ची उत्तरं तीच, आणि निकाल हिलरी क्लिंटन ४ टक्क्यांनी पुढे इथपासून डोनाल्ड ट्रम्प १ टक्क्यानं पुढे इथपर्यंत पसरले. पाच टक्क्यांचा हा फरक कुणाच्या अप्रामाणिकपणातून आला नव्हता. प्रत्येकाचा निर्णय समर्थनीय होता. त्याच वर्षी एका दैनंदिन पाहणीत इलिनॉयमधल्या एका १९ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचं वजन सरासरीच्या तीसपटीपर्यंत गेलं होतं, आणि तो एकटा त्या गटाचा राष्ट्रीय आकडा हलवत होता.

पण यावरून 'वजनच नको' हा निष्कर्ष कसा निघतो? वजन न लावणं म्हणजे प्रत्येकाला १ वजन लावणं. तोही निर्णयच, फक्त तो घेतल्याचं कुणाला कबूल करावं लागत नाही. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट'नं एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या, चोवीस लाखांच्या घरात परत आल्या, आणि साप्ताहिकानं रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले. ही गोष्ट संख्याशास्त्राच्या प्रत्येक वर्गात सांगितली जाते; तिचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. त्या मतपत्रिकेवर '१९३२ साली मत कुणाला दिलं होतं' हेही विचारलेलं होतं. शॅरन लोर आणि मायकेल ब्रिक या संख्याशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये त्याच जुन्या आकड्यांना १९३२ च्या प्रत्यक्ष निकालानुसार वजन दिलं, तर रूझवेल्ट जिंकताना दिसले. टक्केवारी कमीच आली, पण विजेता बरोबर आला. वजनाचं साधं गणित त्या काळीही हाताशी होतं. वापरलं कुणी नाही. चोवीस लाखांच्या आकड्यावर साप्ताहिकाची भिस्त होती.

लाखभर उत्तरांची फुशारकी मारणाऱ्यांनी दुसरं एक उदाहरण जवळ ठेवावं. २०२१ साली अमेरिकेत कोविड लसीकरणाचा अंदाज घेणाऱ्या तीन पाहण्या समांतर चालू होत्या. फेसबुकवरून दर आठवड्याला अडीच लाख लोक उत्तर देत होते. तिथल्या जनगणना विभागाच्या पाहणीत दर पंधरवड्याला पाऊण लाख. तिसऱ्या पाहणीत आठवड्याला फक्त हजार, पण ते काळजीपूर्वक निवडलेले आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांना साधन पुरवून घेतलेले. मे महिन्यात फेसबुकची पाहणी लसीकरण १७ टक्क्यांनी जास्त दाखवत होती, जनगणना विभागाची १४ टक्क्यांनी, आणि हजार माणसांची पाहणी खऱ्या आकड्याच्या जवळ होती. गंमत अशी की पहिल्या दोन्ही पाहण्यांना वजनं लावलेली होती. म्हणजे 'वजन लावलं, आता सगळं ठीक' हा भाबडेपणाही याच उदाहरणात निकालात निघतो. उत्तर द्यावंसं वाटणं आणि लस घ्यावीशी वाटणं या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतील, तर वय, लिंग आणि राज्य यांची वजनं ती गाठ सोडवू शकत नाहीत.

नमुना आणि वजन यांच्याही आधी, मोजतानाच, एक चूक असते, आणि तिचा धडा आपल्याकडे शेतातच गिरवला गेला आहे. १९४० च्या दशकात पीक उत्पादनाचा अंदाज घेताना संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस शेतातले लहान आकाराचे तुकडे कापण्याच्या बाजूचे होते. सातारा जिल्ह्यातून आलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे मोठ्या तुकड्यांच्या बाजूचे. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा जितका लहान, तितकं उत्पादन फुगून दिसतं. कारण कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर, या शंकेत कापणाऱ्याचा हात आतल्या बाजूला झुकतो, आणि लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानानं कड जास्त असते. असे दहा हजार तुकडे कापले तरी फुगवटा तेवढाच राहतो. पीकविम्यासाठी महसूल मंडळात होणारे पीक कापणी प्रयोग असोत की पैसेवारीची नजर पाहणी, मोजतानाच जी चूक होते ती वजनानं जात नाही. सर्वेक्षणाच्या वादात ही चूक आणि नमुन्याची चूक सर्रास एकत्र कालवली जाते. दोन्ही वेगळ्या, दोन्हींवरचे उपाय वेगळे.

वजनाची मर्यादा मराठवाड्यात सर्वांत उघडी पडते ती ऊसतोडीच्या हंगामात. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज या भागांतले कोयते, म्हणजे तोडीला जाणारी जोडपी, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मागे घराला कुलूप, किंवा म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. जानेवारीत या गावांत पाहणी झाली आणि 'ग्रामीण, स्त्री, २५ ते ३५, शाळा अर्धवट' या चौकटीत सात जणी भेटल्या, तर सॉफ्टवेअर त्या सात जणींना पाचपट वजन देऊन चौकट भरून टाकतं. कागदावर सगळं जुळतं. पण त्या सात जणी कोण आहेत? ज्या तोडीला गेल्या नाहीत त्या. कुणाच्या घरी विहिरीला पाणी आहे, कुणाचा नवरा शिपाई आहे, कुणी बाळंतपणामुळे मागे राहिली. मुकादमाची उचल, कोपीवरचं (तळावरच्या झोपडीतलं) पाणी, अर्ध्यावर सुटलेली शाळा, यांबद्दल त्यांचं उत्तर गेलेल्या बायकांचं उत्तर नव्हे. भारांकनाची, म्हणजे वजनं देण्याची, सगळी इमारत एका गृहीतकावर उभी असते : एकाच चौकटीतले भेटलेले आणि न भेटलेले लोक सारखे असतात. ते गृहीतक इथे कोसळतं, आणि सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण 'हंगामी स्थलांतर' असा स्तंभच माहितीत नसतो.

उपाय आहेत, पण ते संगणकासमोर बसून होणारे नाहीत. पाहणीची एक फेरी जून-जुलैत ठेवायची. दुसरी कारखान्याच्या तळावर, कोप्यांवर जाऊन करायची. प्रत्येक कुटुंबाला 'गेल्या हंगामात घरातलं कुणी तोडीला गेलं होतं का' हे विचारायचं, आणि ऊसतोड कामगारांची जी काही सरकारी नोंदणी आहे ती आधार म्हणून तपासून घ्यायची. हे केलेलं नसेल, तर नोव्हेंबर ते मार्च या काळात गोळा झालेल्या बीड जिल्ह्याच्या माहितीवर त्या चौकटीपुरता निकाल छापायला सॉफ्टवेअरनं नकार द्यावा. पाहणीची तारीख आणि तालुक्याचा संकेतांक एवढ्या दोन गोष्टींवरून ही तपासणी होऊ शकते. परदेशात बनलेलं कुठलंही साधन ती करणार नाही; ते बनवणाऱ्यांना पट्टा पडणं, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं, हे काय असतं ते ठाऊक असायचं कारणच नाही.

यावर एक रास्त शंका येते. चांगली साधनं आयती उपलब्ध असताना नवं कशाला? थॉमस लमली यांचं आर या संगणक-भाषेतलं 'सर्व्हे' पॅकेज दोन दशकांहून जास्त काळ जगभर वापरलं जातं. मेटा कंपनीनं पायथनमधलं 'बॅलन्स' हे साधन खुलं केलं आहे. दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड वाचता येतो. मान्य. सूत्रं पुन्हा लिहिण्यात काहीच अर्थ नाही. १९४० साली डेमिंग आणि स्टीफन यांनी मांडलेली रेकिंगची पद्धत आजही तीच आहे. आधी लिंगाची बेरीज जुळवायची, मग गाव-शहराची, मग शिक्षणाची. दुसरी जुळवताना पहिली थोडी बिघडते, म्हणून पुन्हा पहिलीपासून. बदल नगण्य होईपर्यंत फेऱ्या मारायच्या. वीस-पंचवीस ओळींत बसणारं काम आहे. घात होतो तो त्या ओळींच्या आधी आणि नंतर, आणि तिथे इथली माहिती असणाऱ्यानंच हात घालावा लागतो.

पहिला खड्डा नावांचा. २०११ च्या जनगणनेच्या फाइलमध्ये जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद आणि औरंगाबाद. नव्या पाहणीत धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर. दोन्ही तक्ते नावावरून जोडले की हे दोन जिल्हे जुळत नाहीत, आणि ज्या ओळी जुळल्या नाहीत त्या साधन गुपचूप गाळून टाकतं. सहा जिल्ह्यांची टक्केवारीही शंभरच भरते, त्यामुळे कुणाला चुकल्याचं जाणवत नाही. देवनागरीत तर आणखी घोळ : 'बीड'च्या मागे न दिसणारी मोकळी जागा, 'नांदेड' आणि 'नान्देड', 'ड' खाली चुकून आलेला नुक्ता, म्हणजे टिंब. माणसाला सारखं दिसणारं यंत्राला वेगळं असतं. म्हणून जोडणी नेहमी केंद्र सरकारच्या स्थानिक स्वराज्य निर्देशिकेतल्या संकेतांकावरून करायची, नावावरून कधीच नाही. आणि एकही ओळ न जुळता उरली तर काम तिथेच थांबलं पाहिजे.

दुसरा खड्डा कोऱ्या उत्तरांचा. शिक्षण विचारलं की कमी शिकलेली माणसं संकोचानं टाळतात. बहुतेक साधनं अशा अपूर्ण ओळी आपोआप वगळतात. म्हणजे ज्यांचं वजन वाढवण्यासाठी हा खटाटोप, त्यांनाच आधी बाहेर काढलं जातं. तिसरा खड्डा आधाराच्या आकड्यांचा : लिंगाची बेरीज मतदार यादीतून, शिक्षणाची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून आणि वयाची २०११ मधून घेतली, आणि तिन्हींच्या एकूण संख्या वेगळ्या निघाल्या, तर रेकिंग फेऱ्या मारत राहतं आणि ठरलेल्या फेऱ्या संपल्या की जी बेरीज सर्वांत शेवटी जुळवली तीच खरी ठरते. एकूण संख्येचा आकडा अक्षरशः स्तंभांच्या क्रमावर अवलंबून राहतो. चौथा खड्डा वजनं कापण्याचा. सरासरीच्या पाचपटीच्या वरची वजनं कापणं हा प्रचलित उपाय आहे आणि तो वाईट नाही; पण कापल्यावर जुळलेल्या बेरजा पुन्हा बिघडतात, त्या पुन्हा जुळवाव्या लागतात, आणि कापण्याआधीचा निकाल कापल्यानंतरच्या शेजारी छापावा लागतो. तो शेजारी छापलेला सहसा दिसत नाही.

आणि पाचवी गोष्ट, जिला खड्डा म्हणणंही कमी पडेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसारखी नमुन्याची शिस्त पाळणारी पाहणी स्वतःच वजनं देते, पण फाइलमध्ये ती दशांश चिन्हाशिवाय साठवलेली असतात. वापरण्यापूर्वी दहा लाखांनी भागायचं असतं. टक्केवारी काढताना भागलं नाही तरी उत्तर तेच येतं, म्हणून चूक कळत नाही. मग त्याच फाइलवरून कुणी चुकीची मर्यादा काढतो, साधनाला नमुना दहा लाख पट मोठा वाटतो, आणि प्रत्येक फरक 'निर्विवाद' ठरतो.

या सगळ्यांच्या खाली आधाराचाच प्रश्न आहे. २०१२ साली अमेरिकेत एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावरून घेतलेल्या पाहणीत ९३ टक्के पुरुष आणि ६५ टक्के तिशीच्या आतले होते. याहून वाकडा नमुना शोधून सापडायचा नाही. तरीही अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुस्तरीय प्रतिमान (लहान चौकटींना मोठ्या गटांच्या माहितीचा आधार देणारी पद्धत) वापरून त्यातून अध्यक्षीय निवडणुकीचा चांगला अंदाज काढला. हे उदाहरण आपल्याकडे उत्साहानं सांगितलं जातं, पण त्यांच्या हाताशी काय होतं ते सांगायचं राहून जातं. साडेतीन लाखांच्या घरात माणसं, आणि लिंग, वंश, वय, शिक्षण, राज्य, पक्ष, विचारसरणी व मागचं मत यांच्या गुणाकारातून झालेल्या १,७६,२५६ चौकटींपैकी प्रत्येकीत किती मतदार, हे सांगणारा तक्ता. आपल्याकडे? शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा विशीत असलेले आज चाळिशीकडे झुकलेत. आणि ज्या गुणावरून मराठवाड्यात सर्वांत जास्त रण माजतं, त्या जातीचे सगळे तपशील असलेली शेवटची प्रसिद्ध जनगणना १९३१ ची, म्हणजे हा मुलूख निजामाच्या राज्यात होता तेव्हाची. त्यानंतरच्या जनगणनांत अनुसूचित जाती आणि जमाती सोडल्या तर आकडे नाहीत. मग एखादी पाहणी 'जातनिहाय वजन दिलं आहे' असं सांगते, तेव्हा ते कुठल्या आकड्यानुसार? उत्तर बहुधा 'आमचा अंदाज' असंच निघेल. सॉफ्टवेअरनं आधाराच्या प्रत्येक बेरजेसोबत तिचं मूळ आणि वर्ष मागावं, आणि ते दिलं नाही तर त्या गुणावर वजन काढू नये. एवढी एक अट घातली तरी निवडणुकीच्या तोंडावरची निम्मी 'सामाजिक समीकरणं' छपाईआधीच गळतील.

गोपनीयतेचा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. तालुका, लिंग, वय, शिक्षण आणि जात एकत्र आली की सेलू तालुक्यातली एखादी पीएच.डी. झालेली बाई नाव न लिहिताही ओळखू येते. म्हणून उत्तरांची फाइल खुली करण्याची मागणी चुकीची आहे. मागणी कोडची आहे, आधाराच्या तक्त्यांची आहे आणि वजनांच्या वाटणीची आहे : किमान किती, कमाल किती, परिणामी नमुना किती उरला. यातून कुणीच ओळखलं जात नाही.

खासगी संस्था म्हणतील, नकार देणारं साधन घेणार कोण? गिऱ्हाइकानं पैसे मोजलेत, त्याला तालुक्याचा आकडा हवा. बरोबर आहे, बाजारात नकाराला भाव नाही, म्हणून तर हे काम बाजारावर सोडता येत नाही. मराठवाड्याला आकड्यांचं राजकारण नवं नाही. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीनं जिल्हावार अनुशेष मोजला तेव्हापासून इथला निधी, सिंचन आणि रस्ते यांचा झगडा टक्केवारीच्या भाषेत चालला आहे. ज्या आकड्यावर पैसे वाटले जातात, तो आकडा कसा आला हे पुन्हा मांडून दाखवता आलं पाहिजे. आजही इशारे येतात, नाही असं नाही. पडद्यावर लाल अक्षरांत ओळ उमटते. पण ती विश्लेषकापुरती राहते, सादरीकरणात पोचेपर्यंत गळून जाते. म्हणून नकार तक्त्यातच दिसला पाहिजे : आकड्याच्या जागी कोरी चौकट आणि कारणाचा संकेतांक. चौकटीत तीसपेक्षा कमी माणसं, वजनानंतर नमुना ४० टक्क्यांखाली, शंभर फेऱ्यांत बेरजा न जुळणं, आधाराचं वर्ष नसणं. या मर्यादा माझ्या अंदाजानं सुचवलेल्या आहेत. तीसऐवजी पन्नास धरा, हरकत नाही. पाहणी सुरू होण्यापूर्वी त्या जाहीर झाल्या पाहिजेत एवढंच. वरच्या हिशेबातला आपला दोन हजारांचा नमुना ३६ टक्क्यांवर आला होता, म्हणजे या कसोटीवर तोही अडकतो. अडकू दे.

हे घडवायला नवं खातं लागत नाही. सर्वेक्षणाची निविदा निघते तेव्हाच तीन कलमं घालता येतात : वजनाचा कोड शासनाच्या मालकीचा आणि खुला राहील; वजनासह आणि वजनाविना असे दोन्ही आकडे शेजारी दिले जातील; आणि काम संपल्यावर तीन वर्षांनीही दुसऱ्या कुणी तोच कोड चालवला तर तेच आकडे यावेत, ते आले नाहीत तर ठेकेदार जबाबदार. चाचण्यांचं काम विद्यापीठाचे संख्याशास्त्र विभाग सहज करू शकतील. मुद्दाम बिघडवलेल्या फायली द्यायच्या, कुठे नुक्ता घुसवलेला, कुठे एक जिल्हा गाळलेला, कुठे बेरजा न जुळणाऱ्या, आणि साधन कुठे थांबतं ते बघायचं. पदव्युत्तर वर्गाला एका सत्राचं पुरेसं काम आहे.

वेळही नेमकी आहे. नव्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे आणि तिच्यात जातीची नोंद होणार आहे. त्या माहितीतून तालुकानिहाय वय, लिंग, शिक्षण आणि जात यांचे परस्परांना छेदणारे तक्ते मिळाले, तर बहुस्तरीय पद्धत इथेही वापरता येईल. प्रत्येक गुणाची फक्त एकेरी बेरीज छापली, तर पुढची दहा वर्षं रेकिंगवरच भागवावं लागेल, आणि रेकिंगला बाई किती आणि ग्रामीण किती हे कळतं; ग्रामीण बाया किती, हे कळत नाही. कोणते तक्ते काढायचे याची मागणी आताच, लेखी आणि तालुका पातळीची म्हणून जायला हवी.